डायल टोन

आमच्या घरात तीन भाषा चालतात. नवऱ्याची आणि माझी मराठी, मुलाची इंग्रजी, आणि मुलगा आपल्या आजोबांशी बोलतो ती तिसरी. या तिसरीचं व्याकरण अजून कुणी लिहिलेलं नाही. "आजोबा, तुमची चहा फिनिश झाली का?" असं चिरंजीव विचारतात आणि माझे बाबा, ज्यांनी लहानपणी मला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीपायी पानंच्या पानं पुन्हा लिहायला लावली, ते शांतपणे म्हणतात, "झाली, बाळा. फिनिश झाली." नातवंडांना सगळं माफ असतं, हे आपण सगळेच जाणतो.

बाबा २०२४ च्या सप्टेंबरात, सोलापूरचे गणपती आटोपून, आमच्याकडे मिनिआपोलिसला आले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. सहा महिने राहायचं ठरलं होतं, म्हणजे इथला अख्खा हिवाळा. ऐंशीच्या माणसाला मिनेसोटाच्या हिवाळ्यात बोलावणं हा शहाणपणा नव्हे असं पुष्कळांनी सांगितलं. पण मुलाला सुट्टी नसताना आजोबा घरात असावेत, नुसते पाहुणे म्हणून नव्हे तर रोजचे म्हणून, अशी माझी इच्छा होती. ती वेगळ्याच रीतीने पुरी झाली, त्याची ही हकीगत आहे. मध्ये थोडं यंत्रांचं बोलावं लागेल. त्याला माझा इलाज नाही, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं. मी उपकरणांच्या आतल्या छोट्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिते.

बाबांविषयी आधी सांगते. ते १९६६ साली टेलिफोनमध्ये लागले तेव्हा पोस्ट आणि तार हे एकच खातं होतं. १९८५ साली टपाल वेगळं झालं आणि दूरसंचार वेगळं. २००० च्या ऑक्टोबरात बीएसएनएल आली आणि २००२ साली बाबा निवृत्त झाले. "मी जागचा हललो नाही, पाटी तेवढी तीनदा बदलली," असं ते म्हणतात. त्यांची निम्मी नोकरी जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजच्या खडखडाटात गेली. हजारो सिलेक्टर वर चढताहेत, फिरताहेत, खाली पडताहेत, आणि त्या गोंगाटात उभं राहून कुठला बिघडला आहे ते कानाने ओळखायचं. त्या कानांनी आता त्याचं भाडं वसूल केलं आहे. कानातलं यंत्र आहे, पण घरात ते काढून ठेवतात. "घरात कोण शिव्या देणार आहे मला?" हा त्यांचा युक्तिवाद.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी मला ऑफिसात शेजारणीचा फोन आला. आमच्या घरातला धुराचा अलार्म वीसेक मिनिटं वाजतो आहे, ती तीनदा बेल वाजवून आली, कुणी दार उघडत नाही. मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. पोचले तेव्हा अग्निशामक दलाची गाडी दारात होती आणि बाबा सोफ्यावर, मांडीवर जुना दिवाळी अंक, भोवती हेल्मेट घातलेली तीन धिप्पाड माणसं. डाळीचा कोळसा झाला होता, पातेलं गेलं, बाकी काही नाही. बाबांनी अलार्म ऐकलाच नव्हता. बेलही नाही. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, त्यामुळे वासही उशिरा आला.

अग्निशामकवाले अतिशय सौजन्याने वागले. बाबांनी त्यांना चहा विचारला. पण रात्री जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडचं करून घे." बस्स, एवढंच. अमेरिकेतल्या आपल्या घरांमध्ये या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी काही बोलले नाही, नवराही बोलला नाही. तिथे सोलापुरात तरी कोण आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी उच्चारलं नाही.

मुलगा जिन्यात बसून ऐकत होता. त्याला शब्दन्‌शब्द कळला असेल असं नाही, पण 'तिकीट' कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही करायचं ते केलं. वय वाढलं की आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि घरोघरी असलेला धुराचा अलार्म नेमका तीन हजार हर्ट्झच्या आसपास किंचाळतो. त्यासाठी ५२० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाचे अलार्म मिळतात, पलंग हलवणारी यंत्रंही मिळतात. ती प्रमाणित उपकरणं आम्ही आणून बसवली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे सांगणार आहे ते घरगुती आहे, आणि कुणी त्याच्यावर आगीचा भरवसा ठेवू नये. पण दिवसाचा प्रश्न उरलाच. दारावर कोण आलं, फोन वाजतो आहे का, भट्टीजवळचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोलतो आहे का. गळ्यात बटण घालायला बाबा तयार नव्हते. "मी काय म्हैस आहे?" हे त्यावरचं उत्तर.

तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, मी आजोबांसाठी एक लॅम्प मेक करतो."

तो दहावीत आहे, शाळेच्या रोबोटिक्स क्लबात जातो, आणि त्याच्या खणात अशा हिरव्या-निळ्या पट्ट्या पडलेल्याच असतात. त्यातली एक त्याने काढली, तिला एक छोटा माइक जोडला, तीन रंगांचे एलईडी जोडले, आणि उशीखाली ठेवायला मोबाइलमध्ये असते तसली थरथरणारी मोटर. दार वाजलं की निळा, फोन वाजला की हिरवा, धूर म्हणजे लाल आणि थरथर. दिवसा हा दिवा बाबांच्या खोलीतल्या जुन्या संगणकाला लावायचा, म्हणजे पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'दार वाजलं' असंही दिसेल. रात्री संगणक बंद, तेव्हा तोच दिवा उशाशी मोबाइलच्या चार्जरला लावायचा.

कुठला आवाज कशाचा हे यंत्राला कसं कळावं, यावर बसून राहिला होता बिचारा. आवाजाचे आलेख काढत होता. बाबा बाजूला खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "अलार्म कसा वाजतो रे? सारखा, की तुटक?" मुलाने बटण दाबून वाजवून दाखवला. बाबांना ऐकू आला नाही, म्हणून त्याने टेबलावर बोटाने ठोकून दाखवला: टक, टक, टक, मग थांबा. पुन्हा टक, टक, टक. अमेरिकेतले धुराचे अलार्म असेच वाजतात, अर्धा सेकंद आवाज आणि अर्धा सेकंद शांतता असं तीनदा, आणि मग दीड सेकंद गप्प. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र चार झटपट टिपा आणि पाच सेकंद शांतता. बाबांचा चेहरा उजळला. "अरे, मग स्वर कशाला मोजतोस? ठेका मोज! आमची रिंग बघ, ट्रिंग-ट्रिंग, थांबा. पॉइंट चार सेकंद, पॉइंट दोन गप्प, पॉइंट चार, दोन सेकंद गप्प. एंगेज टोन वेगळा. माणूस आवाजाने नाही ओळखत, ठेक्याने ओळखतो." हे सगळं मराठीतून, हातांनी ताल देत. मुलाने एकही शब्द विचारला नाही. त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघं दोन तास बसले होते. याआधी त्यांचा उच्चांक चहा फिनिश होण्याइतका होता.

आता दिव्याकडे वळते. टेबलावर तो फक्कड चालला. लॅपटॉपला जोडलेला, टाळी वाजवली की प्रतिसाद, पडद्यावर आकडे. मुलाने तो मोठ्या अभिमानाने आजोबांच्या उशाशी नेला, चार्जरला लावला, आणि ठार. ना निळा, ना लाल. परत आणला, लॅपटॉपला लावला, चालू. परत नेला, बंद. असं चार वेळा झालं. बाबा म्हणाले, "तुझ्या टेबलावर शहाणा आणि माझ्या उशाशी मुका. अगदी आमच्या खात्यातल्या ज्युनियर इंजिनिअरसारखा."

मला ऐकताक्षणी कळलं होतं काय झालं असणार. या धंद्यात प्रत्येकजण या दगडाला एकदा ठेचकाळतो. पण मी भांडी लावत राहिले. त्या दोघांच्या मध्ये शिरायची मला अजिबात घाई नव्हती.

वाचकांपैकी ज्यांना यात गोडी नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल ओलांडावेत. अशा पट्टीवरची चिप संगणकाशी यूएसबीच्या तारेतून बोलते. जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या अर्डुइनो ऊनो पट्टीवर या बोलण्यासाठी वेगळी चिप असते, दुभाष्यासारखी. मुख्य चिप झोपली, उठली, तरी दुभाषा जागेवर असतो. २०१२ साली लिओनार्डो नावाची पट्टी आली. तिच्यात दुभाषा काढून टाकला आणि मुख्य चिपच थेट यूएसबी बोलू लागली. स्वस्त आणि सुटसुटीत. पण त्यामुळे एक नवी गोष्ट झाली. चिप जागी होऊन बोलायला लागते तेव्हा पलीकडे संगणकाने अजून तिला ओळखलेलंही नसतं. संगणक आधी नाव-गाव विचारतो, पत्ता देतो, मग तुम्ही पडद्यावर खिडकी उघडता. तोवर चिपने जे सांगितलं ते हवेत गेलं. म्हणून अशा पट्ट्यांच्या नमुना प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच एक ओळ लिहिलेली असते, जिचा मराठीत अर्थ असा: 'पलीकडे कुणी ऐकायला बसत नाही तोवर इथेच थांब.' मुलाने नमुना जसाच्या तसा घेतला होता, सगळेच घेतात. टेबलावर ही ओळ गुणाची, कारण पहिलं अक्षरही सांडत नाही. पण चार्जर हा काही संगणक नव्हे. तो वीज देतो, ऐकत काहीच नाही. पट्टी त्याच्यापुढे हात जोडून उभी राहते ती जन्मभर.

मुलाने ती ओळ दोन दिवसांनी शोधली. मग आजोबांना समजावून सांगायला बसला. पलीकडे कुणी बसलं आहे हे चिपला कसं कळतं? संगणकावरच्या प्रोग्रॅमने खिडकी उघडली की तो एक खूण पाठवतो, तिचं नाव डीटीआर, डेटा टर्मिनल रेडी. हे ऐकल्याबरोबर बाबा उठून बसले. "डीटीआर? अरे, तो मोडेमवरचा दिवा! टीआर लिहिलेलं असायचं. बँकेच्या लाइनी दिल्या तेव्हा आम्ही रात्र-रात्र त्या दिव्याकडे बघत बसायचो." खरंच आहे. ही खूण आरएस-२३२ नावाच्या १९६० च्या दशकातल्या मानकातली. त्या काळी तिच्यासाठी तारेत एक वेगळी पिन होती. आता पिन गेली, तार गेली, मोडेम गेला, पण खुणेचं नाव तेच राहिलं आहे. माझ्या मुलाला वाटत होतं तो आजोबांना काही नवीन शिकवतो आहे. निघालं ते आजोबांच्या खात्यातलं.

ओळ काढून टाकली तर चार्जरवर दिवा चालू झाला, पण संगणकावर पहिल्या ओळी गळू लागल्या, आणि माइक किती संवेदनशील ठेवला हे नेमकं त्या पहिल्या ओळींतच लिहिलेलं असायचं. ठेवली तर रात्री दिवा मुका, काढली तर दिवसा आंधळा. चिरंजीव वैतागले. बाबांनी ट्रंक कॉलची गोष्ट काढली. पूर्वी ऑपरेटर बाई कॉल लावायच्या. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा चिठ्ठ्यांची चळत समोर. पलीकडे घंटी वाजवायची, ठरावीक वेळ वाट बघायची, कुणी उचलला नाही तर चिठ्ठीवर शेरा मारून पुढची घ्यायची. "नाही तर अख्खं सोलापूर एका माणसासाठी खोळंबलं असतं! वाट बघायची, पण घड्याळ लावून बघायची."

मुलगा आजोबांकडे बघत राहिला. मग त्याने ती ओळ परत घातली, मात्र तीन सेकंदांची मर्यादा लावून. तीन सेकंदांत कुणी ऐकायला बसलं तर उत्तम, नाही बसलं तर दिवा आपल्या कामाला लागतो. त्या रात्री दिवा उशाशी पहिल्यांदा लागला. बाबांनी यंत्र काढून ठेवलेलं, पाठ फिरवून झोपलेले. मुलाने जिन्यातल्या अलार्मचं चाचणी बटण दाबलं. ते किंचाळणं आम्हाला सहन होईना, बाबा ढिम्म. दोनेक ठेके झाले, खोलीत लाल उजेड पडला, उशी थरथरली, आणि बाबा ताडकन उठून बसले. "लागला!" असं ओरडले. त्यांना वाटलं एक्स्चेंजमध्येच आहेत की काय, देव जाणे.

(माझ्या धंद्यातला शिरस्ता म्हणाल तर असं दारात थांबणं मुळातच टाळायचं. यंत्राने आपलं काम करत राहावं, आणि कुणी ऐकायला आलं की तेव्हा बोलावं. हे मी एकदाच सुचवलं. "आई, दॅट इज व्हर्जन टू," म्हणून मला वाटेला लावण्यात आलं.)

खरी मजा मात्र पुढे झाली, आणि ती मला माझ्या ऑफिसातल्या कित्येक बैठकींपेक्षा जास्त आवडली.

सकाळी बाबा दिवा चार्जरवरून काढून संगणकाला लावायचे. लावला की पाच सेकंद तो खोलीचा आवाज ऐकायचा. आमची भट्टी हिवाळ्यात सतत घरघरते, तेव्हा ती घरघर म्हणजेच शांतता, हे त्याला आधी शिकावं लागतं. पण तो हे शिकत असताना त्याची यूएसबी केव्हाच जोडली गेलेली असायची. या पट्ट्यांमध्ये जोडणीचं काम तुमच्या प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधीच सुरू होतं आणि पडद्यामागे आपोआप पुरं होतं. संगणकाला दिवा दिसला की तो लगेच विचारायचा, 'तयार?' दिवा कान लावून बसलेला, उत्तर देणार कसा? दोन सेकंद उत्तर नाही म्हणताच पडद्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत यायचं, 'दिवा बंद'. रोज सकाळी बाबांच्या छातीत धस्स व्हायचं. मुलगा म्हणाला, संगणकाला दहा सेकंद थांबायला सांगतो. बाबा म्हणाले नको, मग खरंच बंद पडला तरी दहा सेकंद कळणार नाही. आणि पुढे म्हणाले, "त्याने रिसिव्हर आत्ताच उचललाच का? टोन देता येत नाही तर उचलू नये."

मुलाला टोन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्याच्या पिढीने डायल टोन ऐकलेला नाही! मग बाबांनी कागद घेतला. फोनच्या तारेवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टची बॅटरी लावलेली असते. रिसिव्हर ठेवलेला असतो तोवर मंडल तुटलेलं. उचलला की मंडल पुरं होतं, प्रवाह वाहतो, एक्स्चेंजमधला रिले ओढला जातो. एक्स्चेंजला कळलं, कुणीतरी आलं. पण त्याक्षणी एक्स्चेंज तयार नसतं. रिकामा सिलेक्टर शोधावा लागतो, तुमच्या लाइनला जोडावा लागतो. तो जोडला गेला की मग टोन येतो. टोन म्हणजे एक्स्चेंज सांगतं, आता बोला, मी मोजतो. लोकांना घाई. टोन यायच्या आधीच तबकडी फिरवायचे. पहिला आकडा कुणी मोजलाच नाही, उरलेले आकडे भलतीकडे, आणि राँग नंबर. शिव्या कुणाला? खात्याला.

मुलगा म्हणाला, "आजोबा, सेम थिंग!" आणि त्याने त्याच कागदावर यूएसबी काढली. यूएसबीच्या तारेत बोलण्यासाठी दोन धागे असतात. चिपच्या पोटात दीड किलोओहमचा एक रेझिस्टर असतो, तो त्यातल्या एका धाग्याला वर ओढतो. धागा वर गेलेला दिसला की संगणकाला कळतं कुणीतरी आलं, आणि मग चौकशी सुरू होते. तो रेझिस्टर सोडून दिला तर तार खोचलेली असूनही संगणकाच्या लेखी तिथे कुणी नसतं. बाबा म्हणाले, "म्हणजे रिसिव्हर उचलणं आणि ठेवणं." अगदी तेच. आणि गंमत म्हणजे हा रिसिव्हर चिपच्या हातात आहे. तिच्या एका रजिस्टरमध्ये 'डिटॅच' नावाचा एक बिट असतो. तो १ असेल तर रिसिव्हर खाली, ० केला की वर.

तेव्हा दिव्याचा नवा क्रम असा झाला. जाग आल्याबरोबर आधी रिसिव्हर खाली ठेवायचा. पाच सेकंद खोली ऐकायची. भट्टीची घरघर पाठ करायची. मग रिसिव्हर उचलायचा. संगणकाने विचारलं 'तयार?' की उत्तर हजर. चार्जर असेल तर कुणी विचारणार नाही, तीन सेकंद वाट बघून कामाला लागायचं. सगळं मिळून आठ सेकंद. "आठ सेकंद चालतील रे," बाबा म्हणाले, "ट्रंक कॉलला आम्ही आठ-आठ तास थांबलोय."

जाता जाता आणखी एक. यूएसबीच्या जुन्या नियमात अशी मर्यादा आहे की संगणकाने ओळखून परवानगी देईपर्यंत पाहुण्याने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढू नये, नंतर ५०० पर्यंत चालेल. म्हणून दिव्याने ओळखपरेडीच्या आधी सगळे एलईडी पेटवून मिरवायचं नाही. बाबांना हा नियम फार पसंत पडला. पंगतीत बसल्याबरोबर जिलबीवर हात मारू नये, असा त्याचा त्यांनी नातवाला अनुवाद करून दिला.

एकदा मात्र मोठी पंचाईत झाली. जानेवारीत माइकची एक तार सुटली. खोली ऐकून होईना, ऐकून होत नाही म्हणून रिसिव्हर उचलला जाईना, आणि रिसिव्हर खाली म्हणून संगणकाला पट्टी दिसेना. पट्टी दिसेना तर तिच्यात नवा प्रोग्रॅम घालणार कसा? मुलाचा चेहरा पडला, त्याला वाटलं पट्टी मेली. या वेळी मात्र मी भांडी सोडून आले. पट्टीवरचं रिसेटचं बटण दाबलं की साधारण आठ सेकंद तिच्यातला मूळ प्रोग्रॅम जागा असतो, तेवढ्यात नवा घालायचा. वेळ साधायला दोघांचे हात लागतात. मुलाने संगणकाचा माउस धरला, आजोबांनी बटण दाबलं, तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. मग बाबांनी नियम सांगितला: तयार असो नसो, इतक्या सेकंदांनंतर उचलायचाच, आणि तयार नसेल तर तसं सांगायचं. "डेड लाइन झाली तरी टेस्ट डेस्कवर कळलं पाहिजे ना, की कुठे तुटली? गप्प बसलेली लाइन सगळ्यात वाईट." मुलाने दहा सेकंदांची हद्द घातली. दिवा तेव्हा जोडला जातो आणि पडद्यावर येतं, 'माइक बघा'.

पडद्यावरच्या या वाक्यांवरून एक छोटीशी लढाई झाली. मुलाने पहिल्यांदा 'दार वाजला' असं टाइप केलं होतं. चहा फिनिश झाली हे चालवून घेणारे बाबा इथे अडून बसले. "बोलताना काहीही बोल. लिहिलेलं चुकीचं नको." दार नपुंसकलिंगी का, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. मुलाने 'वाजलं' केलं, आणि त्या निमित्ताने अनुस्वार कुठल्या कळीवर असतो ते शोधलं. मराठी शाळेच्या बाईंना कळवायला हरकत नाही.

तिकीट अलीकडचं करायची गोष्ट परत निघाली नाही. मी काढली नाही, बाबांनी काढली नाही. फेब्रुवारीत एकदा दुपारी मला त्यांचा फोन आला की निळा दिवा लागला, पडद्यावर आलं, म्हणून दार उघडलं तर शेजारीण केक घेऊन उभी. तिला त्यांनी खुणांनी सगळा दिवा दाखवला. तीन ठेके, थांबा, वगैरे. तिला काय कळलं कोण जाणे, पण ती दुसऱ्या दिवशी परत आली, नवऱ्याला घेऊन.

मार्चच्या अखेरीला बाबा ठरल्याप्रमाणे गेले. दिवा बरोबर नेला, हातातल्या पिशवीत, कारण सामानात देणं त्यांना मान्य नव्हतं. सुरक्षा तपासणीत त्यांना बाजूला घेतलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यालाही त्यांनी डायल टोन समजावला असावा, कारण बराच वेळ लागला. आता तो दिवा सोलापुरात त्यांच्या पलंगाशी असतो. तिकडच्या २३० व्होल्टचं दिव्याला काही नाही, ती चार्जरची डोकेदुखी. वीज जाते, येते, आठ सेकंदांत तो आपोआप कामाला लागतो. दाराची बेल तिकडे चिमणीच्या आवाजाची आहे, तिचा ठेका मुलाने फोनवरून ऐकून बसवून दिला. बाबांच्या शेजारच्या मुलाने तो पट्टीत घातला, आणि त्या मुलाशी आमचे चिरंजीव हल्ली परस्पर बोलतात, तिसऱ्या भाषेत.

सध्या अडचण आहे ती कुकरची. शिट्टी झाली की दिवा लाल होतो आणि उशी थरथरते, मग बाबा झोपेत असोत की पूजेत. मुलाने त्यांच्याकडून शिट्ट्यांचे नमुने मागवले. बाबांनी चार दिवसांच्या सगळ्या शिट्ट्या रेकॉर्ड करून पाठवल्या, मागे भाजीवालीशी चाललेल्या घासाघिशीसकट. मुलगा रात्री हेडफोन लावून ऐकत बसला होता. शेवटी त्याने फोन लावला आणि विचारलं, "आजोबा, कुकरचा ठेका काय आहे? मला पॅटर्न मिळत नाही."

"त्याला ठेका नसतो, बाळा," बाबा म्हणाले. "ते तांदळावर असतं."